पागोळ्यांखालचं खुराडं : शिराळ्याच्या एका परसातलं प्रकरण

आषाढी होऊन चारच दिवस झाले होते. आत्याचा फोन आला. "कोंबड्या विकून टाकाव्यात म्हणते," एवढंच म्हणाली. मुंगसानं नेलेल्या एका तलंगीसाठी जी बाई दोन दिवस नीट जेवली नव्हती, तिच्या तोंडून हे ऐकून मी विचारलं, झालं काय? मग सगळं बाहेर पडलं. परसात पाय ठेवता येत नाही, रेंदा घोट्याच्या वर येतो, वासानं डोळे चुरचुरतात आणि शेजारच्या काकूंनी स्वयंपाकघराची खिडकी खिळे ठोकून बंद केलीय. काकू भावकीतल्याच. भांडायच्या आधी त्यांनी आत्याला बोलावून चहा पाजला आणि मग सांगितलं, "बाई, घास उतरंना. आता पंचायतीत अर्ज करावा लागंल."

गाव शिराळा तालुक्यात, वारणेच्या खोऱ्यात. डोंगराच्या अंगाला तांबडा मुरूम, नदीच्या अंगाला काळी, आणि गावठाण या दोन्हींच्या मध्ये, उतारावर. भाताचं आणि उसाचं गाव. आत्याच्या घराला पत्र्याच्या दोन पाखी आहेत. पुढची अंगणात उतरते, मागची परसात. परसाच्या खालच्या कडेला अळू आणि केळी, पश्चिमेला जुना गोठा, पूर्वेला काकूंची भिंत. कोंबड्या 26 : नऊ गिरिराज, दोन कोंबडे, बाकी गावरान आणि गावरानच म्हणून विकत घेतलेल्या सरमिसळ जातीच्या. गिरिराज ही बंगळूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तयार झालेली जात. अंगानं जड, उडायला मंद आणि उकरायला मात्र भारी. चिखल मळायचं काम गावरानपेक्षा या नऊजणींनी जास्त केलं असावं, असा माझा संशय आहे.

मी पशुवैद्य नाही. कराडला राहतो, रस्त्याच्या कामांवर सुपरवायझर आहे, घरी आठ कोंबड्या आहेत. एवढ्या भांडवलावर सल्ला द्यायला गेलो आणि पहिला सल्ला सपशेल चुकला. पण त्याआधी जे घडून गेलं होतं, ते सांगायला हवं.

जाळी आली तेव्हापासून

2023 च्या होळीपर्यंत कोंबड्या मोकळ्या होत्या. रात्री खुराड्यात, दिवसा परसात, गोठ्यात, उकिरड्यावर, काकूंच्या मेथीच्या वाफ्यात. या वाफ्यावरूनच जाळी आली. मामांनी, म्हणजे आत्याच्या नवऱ्यानं, घराच्या मागच्या भिंतीला लागून 20 फूट लांब आणि 15 फूट रुंद जागा जाळीनं बंद केली. एका बाजूला भिंतच असल्यानं तेवढी जाळी वाचली. ही बचत त्यांनी मला दोनदा सांगितली. सगळं प्रकरण या वाचलेल्या 20 फूट जाळीशी येऊन थांबणार होतं, हे तेव्हा त्यांना माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं.

कोंबड्या मोकळ्या असतानाही घाण तेवढीच पडत होती, फक्त ती दोन-अडीच गुंठ्यांत पांगत होती. जाळीत आल्यावर तीच घाण 300 चौरस फुटांत पडू लागली. एका कोंबडीला जाळीत दहा चौरस फूट जागा असावी असं साधारण मानतात. इथं साडेअकरा येते. म्हणजे हिशेबात कमी काही नव्हतं, आणि पहिल्या पावसाळ्यात त्रासही झाला नाही. म्हणून सगळ्यांचा समज झाला की जागा ठीक आहे.

पण तो पावसाळा 2023 चा होता. त्या वर्षीचा ऑगस्ट देशभरात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. परसाची परीक्षाच झाली नव्हती. पुढे माघात आतेभावाचं लग्न निघालं, मांडवासाठी पुढच्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसले आणि अंगणात मुरणारं पाणी गोठ्याकडच्या बोळातून मागं वळलं. लग्नात कुणाच्या हे लक्षात येणार?

मग 2024 चा जुलै आला. महिनाअखेरीस वारणा पात्राबाहेर पडली. आत्याचा फोन त्याच्या थोडा आधीचा.

करून झालेले उपाय

आत्या आळशी नाही, हे आधी लिहून ठेवतो. अशा परसाबद्दल लोकांना पहिल्यांदा वाटतं की बाई झाडत नसेल. ती दिवसातून दोनदा खराटा मारत होती. चिखल झाला की फावड्यानं खरडून उकिरड्यावर टाकत होती. खरडलेल्या जागी मामा शेतातली काळी माती आणून टाकत होते. आठवड्यातून दोनदा फिनेल. शिवाय चुन्याची फक्की आणि चुलीतली राख. आणि वास फारच आला की मोटार चालू करून पाइपनं धुणं.

यातलं जवळजवळ प्रत्येक काम उलटं पडत होतं. का, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. आता सांगतो.

कोंबडी वेगळी लघवी करत नाही. शिटेतला पांढरा भाग म्हणजेच तिची लघवी : युरिक आम्ल. ते सुकलं तर गप्प पडून राहतं. ओल मिळाली की जिवाणू त्याचा अमोनिया करतात, आणि डोळ्यांना झोंबतो तो हाच. पाइपनं धुतल्यावर घाण जात नव्हती, कारण पाण्याला जायला वाट नव्हती. ती फक्त पातळ होऊन जागाभर पसरत होती. चुन्याचा प्रकार याहून वाईट. चुना अल्कधर्मी आहे. ओल्या घाणीवर तो टाकला की आत विरघळून बसलेला अमोनिया वायू होऊन भसकन बाहेर येतो. चुना मारल्याच्या संध्याकाळी वास वाढतो ही काकूंची तक्रार होती, आणि सगळ्यांनी ती खवचटपणा म्हणून सोडून दिली होती. काकूंचं नाक बरोबर होतं. फक्कीची जागा रिकाम्या, कोरड्या खुराड्यात आहे, रेंद्यावर नाही. फिनेलबद्दल एवढंच, की वर फिनेलचा वास आणि खाली अमोनियाचा, असे दोन थर झाले होते.

काळी माती हा तर मामांचा हट्ट. शेतात सोनं असलेली ही माती पाणी धरून ठेवते, फुगते आणि पायाला चिकटते. कोंबड्यांच्या पायाखाली तिचा गिलावा होतो.

आणि खराटा. रोज झाडताना, दर पावसात खरडताना थोडी थोडी माती निघत गेली. त्यात कोंबड्यांचं उकरणं, उन्हाळ्यात धुळीत लोळायला केलेले खड्डे. दीड वर्षात जाळीच्या आतली जमीन बाहेरच्या जमिनीपेक्षा तीन ते चार बोटं खाली गेली होती. स्वच्छतेनंच तिथं बशी तयार केली होती.

मी आषाढात पहिल्यांदा गेलो तेव्हा यातलं काहीच पाहिलं नाही. चिखल पाहिला आणि म्हणालो, भुसा टाका. शिराळ्याच्या एका वखारीतून लाकडाच्या भुश्याच्या चार गोण्या आणून ओतल्या. दोन दिवस परस असं दिसलं की आत्यानं फोटो पाठवला. पाचव्या दिवशी त्या भुश्याचा लगदा झाला. बारीक भुसा स्पंजासारखा पाणी पितो. वरून कोंबड्यांचे पाय आणि खाली काळी, त्यामुळे आधीपेक्षा जाड रेंदा झाला. त्याच आठवड्यात दीड महिन्याची तीन पिल्लं गेली. पंख पाडून कोपऱ्यात बसली होती आणि शिटेत रक्त होतं. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कॉक्सिडिओसिस हा आतड्याचा रोग सांगितला, बाकीच्यांना पाण्यातून अ‍ॅम्प्रोलियम दिलं आणि जाता जाता म्हणाले, "औषधानं पिल्लं वाचतील, पण ओल तशीच राहिली तर मला परत यावं लागेल." या रोगाचे बीजकोश शिटेतून पडतात, आणि ओल व ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत दुसऱ्या पिल्लाला बाधण्याजोगे होतात. कोरड्यात त्यांची ती तयारी रखडते.

तीन पिल्लांचा दोष मी माझ्या भुश्यावर पूर्ण घेत नाही, पण थोडा घेतो.

नागपंचमीला जमीन उकरायची नसते

मध्ये पुरामुळे पंधरा दिवस जाणं झालं नाही. मग 9 ऑगस्टची नागपंचमी आली. शिराळ्याची पंचमी म्हणजे पाहुण्यांचा दिवस. मी डिकीत कुदळ, फावडं आणि लेव्हल पाइप टाकूनच गेलो. जाळीच्या मधून सरळ एक चर मारायची आणि पाणी काढून द्यायचं, असा बेत ठरला होता.

आत्यानं कुदळ हातातून काढून घेतली. "आज जमीन उकरायची न्हाय. आज चिरायचं न्हाय, तवा ठिवायचा न्हाय, आन् तू कुदळ घिऊन आलाईस व्हय?" पुरणाची दिंडं खाऊन मी मागच्या दारात स्टुलावर बसून राहिलो. तीनच्या सुमाराला जोराची सर आली. खणायला बंदी असल्यामुळेच मी नुसतं पाहत बसलो. रस्त्यावर आम्ही नेहमी म्हणतो की मोरी कुठं टाकायची ते उन्हात कळत नाही, पावसात जाऊन उभं राहावं लागतं. इथं मात्र मी दोन्ही वेळा पाऊस थांबल्यावर चिखल पाहून निदान करायला निघालो होतो.

पहिली पाच मिनिटं काहीच विशेष नव्हतं. मग मागच्या पाखीच्या पन्हाळ्यांतून पागोळ्या धरल्या. प्रत्येक पन्हाळ्यातून बोटाएवढी धार, आणि सगळ्या धारा भिंतीपासून दोन फुटांवर, म्हणजे बरोब्बर जाळीच्या आत. मामांनी एका बाजूची जाळी वाचवली होती ती वळचणीखालीच! धारांनी तिथं एक लांब पन्हळी खणली होती. खुराड्याचा पत्राही आतल्याच बाजूला उतरता, कारण दार बाहेरून आणि दारावर पाणी नको. थोड्या वेळानं गोठ्याकडच्या बोळातून गढूळ पाण्याचा ओघळ आला आणि जाळीखालून आत शिरला. ते लग्नाच्या अंगणाचं पाणी. आणि हे सगळं जिकडं जायला हवं त्या खालच्या अंगाला, अळवाच्या वाफ्याला आत्यानं वीतभर उंच वरंबा घातलेला. न्हाणीचं पाणी अळवात राहावं म्हणून. तोच वरंबा जाळीतल्या पाण्याला धरणाची भिंत झाला होता.

सर वीस मिनिटांत थांबली. बशीतलं पाणी संध्याकाळपर्यंत हललं नाही.

पाण्याचा हिशेब

रात्री मामांसमोर वहीवर मांडलं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. हे एकदा लक्षात ठेवलं की बाकीचा गुणाकार.

जाळीची जागा सुमारे 28 चौरस मीटर. मागच्या पाखीचा जेवढा भाग जाळीत उतरतो तो 20 फूट बाय 12 फूट, म्हणजे 22 चौरस मीटर. खुराड्याचा पत्रा साडेचार. दिवसाला 50 मिलिमीटर पाऊस झाला, आणि शिराळ्याच्या पश्चिम भागाला तो आषाढात नवा नाही, तर आभाळातून थेट 1,400 लिटर आणि दोन्ही पत्र्यांवरून आणखी 1,300 लिटर. बोळातलं पाणी वेगळंच.

आता कोंबड्यांचा वाटा. एक कोंबडी दिवसाला साधारण सव्वाशे ग्रॅमच्या आसपास शीट टाकते, त्यात तीन चतुर्थांश पाणी. 26 जणींचं मिळून दिवसाचं पाणी अडीच लिटर धरा.

मामा वहीकडं बघत राहिले. "म्हंजी अडीच लिटरासाठी फिनेल, आन् सत्तावीसशे लिटराला कुनी इचारलंच न्हाय?"

माझं म्हणणं याहून वेगळं नाही. परसातला वास हा घाणीचा प्रश्न समजून आत्या दीड वर्ष राबली. तो पाण्याचा प्रश्न होता, आणि त्यातलं निम्मं पाणी तर घराच्या स्वतःच्या छपराचं.

काम

दुसऱ्या दिवशी कोंबड्या गोठ्यात हलवल्या. त्यांना तिथं तीन दिवस राहावं लागलं आणि म्हशीला ते अजिबात आवडलं नाही.

आधी पाणी तोडलं. आतली घाण काढायच्याही आधी. सगळे याच्या उलट करतात, मीही तसंच केलं होतं. सहा इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून दोन पन्हळी केल्या आणि पाखीच्या टोकाला लोखंडी पट्ट्यांनी टांगल्या. उतार गोठ्याच्या बाजूला. तिथं 200 लिटरचं पिंप ठेवलं, आणि पिंप भरलं की वरचं पाणी पाइपनं थेट केळीत. पिंप नऊ मिलिमीटर पावसात भरतं, पण म्हैस धुवायला पाणी आयतं मिळालं म्हणून मामा खूश. खुराड्याचा पत्रा उलटा फिरवला, दाराच्या वर हातभर पत्र्याचा तुकडा लावला. बोळाच्या तोंडाला फूटभर खोल चर मारून अंगणाचं पाणी गोठ्याच्या मागून काढलं. अळवाचा वरंबा दोन ठिकाणी फोडला. तो फोडताना आत्या समोर उभी राहिली नाही.

मग आतला रेंदा. चार इंच काढला, तो बरोबर एक ब्रास, म्हणजे 100 घनफूट, निघाला, कारण 300 चौरस फूट आणि फुटाचा तिसरा हिस्सा. हा माल उकिरड्यावर तसाच टाकायचा नव्हता. कोंबडीखत कच्चं असताना पिकाची मुळं जाळतं. उसाच्या पाचटाचा एक थर आणि रेंद्याचा एक थर, असा ढीग रचला आणि वर ताडपत्री टाकली. पाचटात कर्ब भरपूर, कोंबडीच्या घाणीत नत्र भरपूर. दोघांचं जमलं की ढीग तापतो आणि वास मरतो. ताडपत्री यासाठी, की पावसानं ढिगाचाही रेंदा होऊ नये.

खाली लागलेल्या काळीवर थेट मुरूम टाकला तर एका पावसात काळी वर येते. रस्त्याखाली आम्ही सोलिंग करतो ते त्यासाठीच. इथं गोठ्याच्या पडक्या भिंतीचे दगड-विटा टाकून सोलिंग केलं. त्याच्याखाली मी शहाणपणा करून खताच्या रिकाम्या गोण्या उसवून अंथरल्या, म्हणजे काळी आणि दगड वेगळे राहतील. कल्पना चांगली होती, पण एका कोपऱ्यात दगड आणि मुरूम पातळ पडला, गिरिराजनं महिन्याभरात तिथपर्यंत उकरलं, आणि गोणीचा धागा एका कोंबडीच्या पायात इतका आवळला की बोट काळं पडलं. तो कोपरा उचकटून गोणी काढावी लागली. पुन्हा करायची वेळ आली तर गोण्या वापरणार नाही, दगडच जास्त टाकीन.

वर डोंगराकडचा तांबडा मुरूम, सहा इंच, दीड ब्रास. ट्रॅक्टर मागं येत नाही म्हणून घमेल्यांनी वाहिला. पाणी शिंपडायची गरज नव्हती, ते वरून येतच होतं. धुम्मसनं ठोकला. भिंतीकडून अळवाकडं 15 फुटांत चार इंच उतार दिला, लेव्हल पाइप लावून. नजरेनं उतार काढू नका, नजर परसात हमखास फसते. खालच्या कडेला जाळीच्या बाहेर दगड भरलेली एक चर, ती अळवाला बगल देऊन केळीत जाते.

जाळीचा निम्मा भाग, खुराड्याच्या बाजूचा 10 बाय 15 फूट, गोठ्याच्या जुन्या पत्र्यांनी झाकला. उतार पश्चिमेला. पूर्वेला दिला असता तर काकूंच्या भिंतीवर पाणी गेलं असतं आणि नवं प्रकरण सुरू झालं असतं. खाणं आणि पाणी दोन्ही या पत्र्याखाली. 50 मिलिमीटरच्या दिवशी जाळीत येणारं पाणी 2,700 लिटरवरून 700 वर आलं, आणि त्या 700 ला आता उतार होता.

खर्च मामांनी लिहून ठेवला आहे : पीव्हीसी, पट्ट्या, मुरूम, ट्रॅक्टरचं भाडं आणि दोन गड्यांची दोन दिवसांची मजुरी मिळून साडेआठ हजारांच्या आत. पत्रे आणि दगड घरचे.

गादी

झाकलेल्या भागात भाताच्या गिरणीतलं तूस, सहा इंच. तुसाला मी भुश्याआधी पसंती देतो. ते पाणी पीत नाही, हलकं असतं आणि आमच्या त्या भागात भातामुळं सहज मिळतं. शेंगांची टरफलंही चालतात. गुऱ्हाळावरची चिपाडं टाकायची मामांची सूचना मी नाकारली. ती पूर्ण वाळलेली नसली तर आत बुरशी धरतात, आणि बुरशीची धूळ पिल्लांच्या फुप्फुसात बसते. उघड्या भागात तूस टिकत नाही, म्हणून तिथं सुताराकडच्या जाड ढलप्या टाकल्या. ढलप्यांमधून पाणी खाली निघून जातं आणि कोंबड्यांना उकरायला काम मिळतं.

तुसाची गादी रोज काढायची नाही. हे आत्याच्या गळी उतरवायला सर्वांत जास्त वेळ लागला. खराटा तिच्या हातातला अवयव झाला होता. दोन दिवसांनी दाताळ्यानं खालीवर करायची, ओला गोळा दिसला तेवढा उचलायचा, वर मूठभर नवं तूस. ओल ओळखायची रीत अशी, की मूठभर गादी घ्यायची आणि आवळायची. हात उघडल्यावर लाडू तसाच राहिला तर ओल जास्त. हळूच सुटला तर बरोबर. नुसती धूळ उडाली तर फार कोरडं. आणि वास उभ्यानं घ्यायचा नाही, उकिडवं बसून घ्यायचा. कोंबडीचं नाक जमिनीपासून फूटभरावर असतं. आपल्याला उभ्यानं वास आला, म्हणजे ती किती दिवस तो घेत होती कोण जाणे.

दोन बारीक गोष्टींनी अपेक्षेपेक्षा जास्त फरक पडला. पाण्याचं भांडं कोंबडीच्या पाठीच्या उंचीला आणलं, विटांवर, आणि खाली जाळी टाकलेली परात ठेवली. आधी ते जमिनीवर होतं. 26 कोंबड्या दिवसाला पाच-सहा लिटर पाणी पितात, आणि भांडं खाली असलं की पिण्याइतकंच सांडतात. दुसरी गोष्ट, खुराड्यातल्या बसायच्या काठ्यांखाली गोणपाट. रात्रभर कोंबड्या एका जागी बसून असतात, त्यामुळे घाणीचा मोठा वाटा तिथंच, आयता गोळा झालेला मिळतो. सकाळी गोणपाट उचलायचं, ढिगावर झटकायचं. पाच मिनिटांचं काम. ओल्या घाणीत माशीच्या अंड्याची माशी व्हायला पावसाळी उबेत आठ-दहा दिवस लागतात. गोणपाट रोज उचललं तर ती संधीच उरत नाही.

धुळीत लोळायला जुन्या टायरमध्ये राख आणि कोरडी माती दिली. पावसाळाभर अंघोळ न मिळालेल्या कोंबड्या त्यात रांग लावून बसल्या. पंखांखालच्या उवा त्यानंतर कमी झाल्या.

नंतर

वास किती दिवसांत गेला, असं सगळे विचारतात. पन्हळी लागल्यावर चौथ्या दिवशी डोळे चुरचुरणं थांबलं. पूर्ण गेला तो सप्टेंबरात. कॉक्सिडिओसिस त्या वर्षी परत आला नाही. पण एका पावसाळ्यावरून छातीठोक काही बोलू नये, 2023 नं तेच शिकवलं होतं. अंड्यांत मात्र फरक लगेच दिसला. आधी कोंबड्या चिखलाचे पाय घेऊन खुडात बसायच्या, अंडी माखायची, आत्या ती धुवून शिराळ्याला पाठवायची आणि गिऱ्हाईक म्हणायचं चार दिवसांत खराब निघाली. अंड्यावर एक नैसर्गिक पातळ लेप असतो. तो धुतला की कवचाची छिद्रं उघडी पडतात. आता धुवावंच लागत नाही.

कार्तिकात ढीग उघडला तेव्हा आत पाचट ओळखू येत नव्हतं. ते खत मामांनी उसाच्या लागणीला वापरलं. काकूंनी मेथीच्या वाफ्यासाठी दोन पाट्या मागून नेल्या. खिडकीचे खिळे त्यांनी दिवाळीत काढले. आता तक्रार आहे ती मोठ्या कोंबड्याच्या पहाटे साडेतीनला आरवण्याची.

मी आत्याला सहा कोंबड्या कमी करायला सांगितलं होतं. निम्मी जागा झाकलेली असली तरी पावसाळ्यात सगळ्या 26 त्या निम्म्यातच गर्दी करतात, आणि तेवढ्या गर्दीला तूस पुरत नाही. "एकबी देनार न्हाय," म्हणाली. पुढच्या आखाडात चार गेल्या. मुंबईहून पाहुणे आले होते. मी काही बोललो नाही.

खरी परीक्षा 2025 च्या मे महिन्यात झाली. त्या वर्षी मान्सून 26 मेलाच मुंबईत पोचला, आणि आमच्याकडं त्याच्या आधीपासून धो धो लागला होता. पन्हळी साफ करायचं काम आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात धरलं होतं. गोठ्यामागच्या चिंचेचा पाला उन्हाळाभर पन्हळीत साचलेला. पहिल्या मोठ्या पावसात पन्हळ तुंबली, मधूनच ओसंडली आणि पुन्हा धार जाळीत. आत्यानं पहाटे फोन करून सांगितलं, "तुझी नळी भरून वाहतीया." मामांनी शिडी लावून पाला काढला, पण तोवर तुसाची निम्मी गादी भिजली होती. ती सगळी काढून नवं तूस टाकावं लागलं. मुरूम मात्र जागचा हलला नाही, आणि दुपारपर्यंत जमिनीवर पाणी नव्हतं. आता पन्हळीच्या तोंडाला जाळीचा बोळा कोंबला आहे, आणि कॅलेंडरवर अक्षय्य तृतीयेच्या चौकोनात आत्यानं "नळी" असं लिहून ठेवलंय.

एक जागा अजून ओली राहते. जाळीच्या दारापाशी, दोन हातांची. पाऊस नसतानाही तिथं चिखल असतो. पन्हळ, उतार, चर सगळं तपासलं, काही सापडेना. मागच्या महिन्यात मुक्कामाला होतो तेव्हा सकाळी कळलं. आत्या कोंबड्यांचं भांडं विसळते आणि ते पाणी दारातच ओतते. अळू तिथून चार पावलांवर आहे. सांगितलं तर म्हणाली, "वाईच तर पानी हाय." तूर्त तिथं दोन शहाबादी फरश्या टाकून आलोय.